मागे राहणारी ओळ

रविवार असूनही निळा कोट खुंटीवरच होता.

वहिनीने तो दारातूनच पाहिला. ती रुग्णालयातली रात्रपाळी संपवून आली होती आणि पायातले बूटही अजून काढले नव्हते. एरवी रविवारी या वेळेला तो कोट आईच्या अंगावर असायचा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि आई दाराशी उभी राहून सगळ्यांना नजरेनेच झापत असायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनीने त्यात खाडा पाहिला नव्हता. पहिला खाडा मागच्या रविवारी पडला, पाय मुरगळला म्हणून. आज आई घरच्या स्वेटरमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती, आणि मुरगळलेला पाय दुसऱ्या पायावर टाकून मजेत हलवत होती.

वहिनी तिच्या समोर जाऊन बसली. आईशी बोलायचं तर समोरूनच बोलावं लागे. सारा जन्म कापड गिरणीत, मागांच्या खडखडाटात गेला आणि त्यात कान गेले. पण गिरणीतल्या बायका एकमेकींचे ओठ वाचून दिवसभर गप्पा मारत, ती विद्या आईकडे राहिली होती. समोरच्या घरातलं भांडण ती आपल्या खिडकीतून अथपासून इतीपर्यंत वाचायची आणि मग चूक कोणाची होती तेही सांगायची.

"आई, पाय कसा आहे?"

"दुखतोय."

"कुठला?"

आईने खाली पाहिलं. थोडा विचार केला. "डावा."

"मागच्या रविवारी उजवा होता."

"मग आता डावा. म्हातारपणी एका जागी थांबतं का काही?"

वहिनी हसली, पण तिचं लक्ष आईच्या बोटांकडे होतं. आई एकेक शेंग उघडून दाणे वाटीत टाकायच्या ऐवजी सालांच्या ढिगात टाकत होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वहिनीने दुखणारे पाय पुष्कळ पाहिले होते. हे दुखणं पायाचं नव्हतं.

वहिनीचा नवरा, आईचा थोरला, आत आला तो टायची गाठ नीट करत. पुढच्या खोलीत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि रविवारी तो चर्चचा गायनसमूह चालवायचा. दिवसभर दुसऱ्यांची मागे पडणारी घड्याळं जागेवर आणणारा माणूस, त्याला गाण्यात एक मात्रा इकडची तिकडे झालेली खपत नसे. गायनसमूहातले लोक त्याला पाठीमागे 'लंबक' म्हणत, आणि हे त्याला सोडून साऱ्या मंडळीला ठाऊक होतं.

"आई, तू अजून तयार नाहीस?"

"तू हो पुढे. मी इथंच बघते, फोनवर," आई म्हणाली. "गर्दीत जायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत. शिवाय आवाजही कोणाच्या मध्ये येणार नाही. चांगली कल्पना आहे तुझी."

थोरल्याचा हात टायवरच थांबला. कल्पना त्याची होती, हे खरं. पण ती त्याने आईला कधीच सांगितली नव्हती.

त्याने सांगितली होती ती धाकट्या बहिणीला, याच स्वयंपाकघरात, दोन रविवारांपूर्वी, रात्रीची जेवणं झाल्यावर. चर्चची उपासना आता दर आठवड्याला फोनवर दिसू लागली होती. आजारी, प्रवासातले, परगावी गेलेले सगळे बघायचे, आणि बघता बघता खाली चार शब्द लिहायचे. कोणीतरी लिहिलं होतं, गाणं संपल्यावर एक बाई मागे राहते, तिला कोणी सांगत का नाही? ती बाई कोण हे विचारायची गरज नव्हती. आईला पेटी ऐकू येत नाही, बाजूचा आवाज ऐकू येत नाही. ती आपल्या चालीने, आपल्या वेळेला गाते, आणि सगळे थांबले की तिची शेवटची ओळ एकटीच मागून येते. थोरल्याला ते वाचून झोप आली नव्हती. आईला कोणी हसलेलं त्याला सहन होत नव्हतं, आणि आपल्या समूहाचं गाणं बिघडलेलंही. यातलं जास्त कोणतं, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

पण बोलताना त्याने पाठ फिरवली होती. या घराण्यात आईपासून काही लपवायचं म्हणजे पाठ फिरवायची. त्याच्या वडिलांनी तसंच केलं, त्यानेही लहानपणापासून तेच केलं.

"आई, तुला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी? मी तर तिकडे तोंड करून..." त्याने हात केला आणि हात केलेल्या दिशेने पाहिलं. तिथे भांड्यांचं कपाट होतं. जुन्या लाकडी दारांच्या जागी त्याने स्वतःच या वर्षी काचेची दारं बसवून घेतली होती. काचेत त्याचं तोंड होतं, टाय होता आणि हलणारे ओठ होते, सगळं लख्ख.

"छान पुसलीयेस काच," आई वहिनीला म्हणाली.

*

धाकटी मागच्या दाराने आली तेव्हा घरात कोणीच बोलत नव्हतं, आणि हे तिच्या माहेरी अघटित होतं. ती बेकरीत भट्टीवर काम करायची. रविवारी पहाटेचं काम उरकलं की गरम पाव घेऊन यायची, आईबरोबर चहा प्यायची, आणि बाकीचे चर्चला निघाले की घरी जाऊन झोपायची. तिचं लग्न मोडलं तेव्हापासून तिने चर्चचा उंबरठा ओलांडला नव्हता. सुरुवातीला थोरल्याने त्यावरून डोकं खाल्लं. मग पाळक येऊन गेले, निखारा शेगडीबाहेर काढला की विझतो हा आपला ठरलेला दाखला देऊन गेले. धाकटी म्हणाली होती, पाळकसाहेब, माझा सगळा जन्म भट्टीपुढे चाललाय, निखाऱ्याचं मला नका सांगू. त्यावर पाळकही हसले होते.

तिने टेबलावर पाव ठेवला. कोपरापर्यंत पीठ होतं. "काय झालं? कोण गेलं?"

वहिनीने तिला थोडक्यात सांगितलं. धाकटी भावाकडे वळली.

"मी तुला तेव्हाच म्हटलं होतं ना, दादा? म्हटलं होतं की नाही, तिला यातलं काही कळता कामा नये?"

"अगं, मी मुद्दाम का..."

"तुला त्या चार ओळी लिहिणाऱ्याचं पडलंय. आईचं नाही."

"आणि तू? तू किती वर्षं तिथे फिरकली नाहीस, आणि आज आईच्या जागेसाठी भांडतेस!"

दोघांनीही एकाच क्षणी, जन्माच्या सवयीने, आईकडे पाठ केली, आणि दोघंही काचेत एकमेकांना दिसली. काचेत मागे आईही दिसत होती. ती मान हलवून दोघांचंही वाचत होती.

"चालू दे," आई म्हणाली. "मला इथून स्पष्ट दिसतंय."

धाकटीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. ती येऊन आईच्या समोर बसली. "हे बघ, तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस. देव काय त्या चार भिंतींत बसलाय? मी नाही जात. माझं काय बिघडलं?"

आपण आईची बाजू घेतोय असंच तिला वाटत होतं. पण हे बोलताच वहिनीने मान खाली घातली आणि थोरला एकदम म्हणाला, "हो ना आई, घरीही प्रार्थना होतेच की." म्हणजे आता बहीणभाऊ एका बाजूला आले, आणि दोघांनाही ते बरं वाटलं नाही.

आईने शेंग खाली ठेवली.

"घरी मी रोजच करते," ती म्हणाली. "पण घरी माझं मागणं माझ्यापुरतं असतं. माझे गुडघे, माझी पोरं. तिथं गेलं की बाजूला कोण उभं आहे ते दिसतं. त्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं तोंड उतरलेलं दिसतं, मग त्याच्यासाठी मागावं लागतं. घरात बसून मला न्हावी कसा आठवणार?"

थोरल्याने टायची गाठ सैल केली.

"तुमचे बाबा गेले, त्यानंतरचा रविवार," आई म्हणाली. "तुम्हाला वाटलं, मी प्रार्थना करतेय. मला एक शब्द येत नव्हता. लहानपणापासून पाठ असलेलं सगळं गेलं. देवावर रागावले होते. नुसती उभी राहिले आणि सगळ्यांचे ओठ बघत राहिले. पुढचे, बाजूचे, तुमचे. सगळे म्हणत होते. मग मला वाटलं, चला, माझ्या वाटचं आज हे लोक म्हणतायत. असे पुष्कळ रविवार गेले. कोणी मला म्हटलं नाही की बाई, तुम्ही का गप्प?" तिने धाकटीचा पिठाचा हात हातात घेतला. "तेव्हापासून मी एक रविवार सोडला नाही. आज कोणाचं तोंड उघडत नसेल ते आपल्याला काय ठाऊक? त्याच्या वाटचं म्हणायला माणूस तिथं नको? ठरवून जाता येत नाही गं. म्हणून दर वेळी जायचं."

"मग चल ना!" थोरला म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता, पण हे आईला कळायचा मार्ग नव्हता.

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं, मी सगळ्यांचं बिघडवते म्हणून," आई म्हणाली. "काचेत तुझं वाचलं, तरी वाटलं, हा पहिल्यापासूनच काटेकोर. मग मागच्या रविवारी तुम्ही गेल्यावर फोन काढला. जुनी एक उपासना लावली, मी होते ती. सगळ्यांचे ओठ मिटलेले, आणि मी आपली गातेय. तोंड एवढं उघडून." तिने तोंड उघडून दाखवलं आणि मिटलं. "बाबा होते तोवर ते माझ्या मनगटावर बोटांनी ताल द्यायचे. शेवटाला दाबायचे, की संपलं. ते गेल्यावर मला वाटलं, एवढ्या वर्षांत जमलं असेल आता. जमलं नव्हतं. कोणी सांगितलंही नाही." तिने पुन्हा शेंग उचलली. "उपकार करायला गेले आणि ओझं झाले. जा तुम्ही. उशीर होतोय."

थोरल्याला आईच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण तो तसा मुलगा कधीच नव्हता. तो कपाटाशी उभा राहिला. दोन रविवारांपूर्वी त्याला जे हवं होतं ते आता पदरात पडलं होतं, आणि ते कुठे ठेवावं हे त्याला समजेना.

*

वहिनी उठली. तिने आपल्या पिशवीतून फोन काढला.

मागच्या रविवारी तिची दिवसपाळी होती. मधल्या सुट्टीत, परिचारिकांच्या खोलीत, थंड झालेला चहा पीत तिने उपासनेतलं शेवटचं गाणं पाहिलं होतं. जे दिसलं ते पाहून ती तिथेच रडली होती, आणि घरी आल्यावर नवऱ्याला सांगायचं ठरवूनही गप्प बसली होती. तिला वाटलं होतं, त्याचं त्यालाच कळलं तर जास्त बरं. पण या घरातल्या माणसांना दुसऱ्यांचे ओठ वाचता येतात, स्वतःचं काही वाचता येत नाही, हे ती इतक्या वर्षांत शिकायला हवी होती.

"आई, हे बघा," तिने फोन टेबलावर उभा केला. "हा मागचा रविवार. तुम्ही घरी होतात तो. आवाजाची गरज नाही. अहो, तुम्हीही या. तुम्ही तर नक्कीच या."

चौघांची डोकी एकत्र आली. छोट्या पडद्यावर गायनसमूह उभा होता, समोर थोरला हात हलवत होता, कडेला पेटीवर शाळेतल्या निवृत्त बाई होत्या. अर्धे बाक दिसत होते. तिसऱ्या बाकावर भिंतीकडची आईची जागा रिकामी होती.

"आता शेवटचं कडवं," वहिनी म्हणाली. "ओठ बघा."

आईने चष्मा सरसावला. सगळे ओठ एकदम हलले, आणि एकदम मिटले. गाणं संपलं होतं.

पण कोणी खाली बसलं नाही. पेटीवाल्या बाईंची बोटं पट्ट्यांवरून उठली नाहीत. न्हावी पुस्तक मिटता मिटता थांबला. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी माना वळवून तिसऱ्या बाकाकडे पाहिलं, भिंतीकडच्या जागेकडे. सगळी मंडळी उभी होती आणि वाट बघत होती. आणि त्या सगळ्यांसमोर थोरल्याचा हात वर होता.

त्याने तो खाली आणला नव्हता. तळवा उघडा, कोणाला तरी ओळ पुरी करू देताना धरतात तसा. एक संपूर्ण ओळ गाऊन होईल एवढा वेळ तो हात तसाच राहिला. मग पडद्यावरचा थोरला दचकला, त्याने हाताकडे बघितलं आणि हात खाली घेतला. मग सगळे बसले.

"हे... हे मी केव्हा..." थोरला म्हणाला.

"दर रविवारी," वहिनी म्हणाली. "बाबा गेल्यापासून दर रविवारी तुम्ही असेच थांबता. तुम्ही थांबता म्हणून बाई थांबतात, बाई थांबतात म्हणून सगळे थांबतात. आईंशिवाय आता त्यांना गाणं संपवताच येत नाही. ते फोनवर लिहिणारा कोण असेल तो असो, तो तिथे उभा राहत नाही ना, त्याला काय ठाऊक?"

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

वहिनीने पुन्हा लावलं. आईने पडद्यावरच्या हातावर आपलं बोट ठेवलं. जणू त्याला ताप आहे का बघत होती.

"तुझे बाबासुद्धा मला शेवटाला थांबवायचे," ती थोरल्याला म्हणाली. "थांबून राहिले नाहीत कधी."

थोरला आता मात्र खाली बसला. त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, त्यामुळे तो काय बोलला ते तिला वाचता आलं नाही. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि केसांत वाटाण्याचं एक साल अडकलं ते तसंच राहिलं.

"तरी पण," थोड्या वेळाने आई म्हणाली, "चूक कळल्यावर तीच करायची हे बरं नव्हे. ताल द्यायला कोणीतरी पाहिजे. हा पुढे उभा असतो. ही आज रात्र जागून आलीय." तिने धाकटीकडे पाहिलंच नाही. वाटी जवळ ओढून, चुकून सालांत गेलेले दाणे वेचत राहिली.

धाकटी नखांतलं पीठ काढत राहिली. तिला तो बाक दिसत होता, आणि बाकापर्यंतची ती लांब मधली वाट. तिथे वळणाऱ्या माना. लग्न मोडलं त्या वर्षी तिला वाटलं होतं, त्या माना आपल्याला बघून काही ना काही म्हणतील. आज तिने त्याच माना पाहिल्या होत्या. त्या एका म्हातारीच्या रिकाम्या जागेकडे वळल्या होत्या, आणि त्यात तिला काही वाईट सापडलं नव्हतं. माझ्या जागेकडेही अशाच वळल्या असतील का, तिच्या मनात आलं, आणि ते मनातून जाईना.

"माझ्या कोपराला पीठ आहे," ती म्हणाली.

"देवाने पाव पाहिलाय," आई म्हणाली. "हात धू आणि चल."

*

ते पोचले तेव्हा पहिलं गाणं होऊन गेलं होतं. थोरला धावतच पुढे गेला. केसांत साल होतं ते त्याला कोणी सांगितलं नाही. वहिनी मागच्या बाकावर बसली आणि प्रार्थनेत डोळे मिटले ते उपदेश संपेपर्यंत उघडले नाहीत. पण तीही तिथे होती. धाकटी आईचा दंड धरून मधल्या वाटेने चालली. माना वळल्या. न्हाव्याने सरकून जागा केली आणि धाकटीला म्हणाला, "या," जसं काही ती मागच्या रविवारी इथेच होती.

उपदेशातलं धाकटीला फारसं कळलं नाही. तिला फक्त एवढं जाणवत होतं की आपल्या डाव्या बाजूला आईचा खांदा आहे आणि उजव्या बाजूला न्हाव्याचा, आणि आपण कशाला धरून बसलेलो नाही तरी पडत नाही.

शेवटच्या गाण्याला सगळे उठले. आईने कोटाची बाही वर सारून मनगट पुढे केलं. धाकटीने त्यावर दोन बोटं ठेवली आणि ताल धरला. पहिलं कडवं नीट गेलं, दुसरंही. आई तिच्याकडे बघून एकदा डोळ्यांनी हसली. तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आली, "तुझ्या दारी आम्ही सारे", आणि धाकटीने बरोबर शेवटाला मनगट दाबलं. आई थांबली, सगळ्यांबरोबर. आवाज एकदम, एकाच जागी संपला. बाबा गेल्यापासून, आई गात असताना, असं पहिल्यांदाच घडलं होतं.

आणि कोणीही खाली बसलं नाही.

पेटीवाल्या बाईंची बोटं पट्ट्यांवर होती. न्हावी पुस्तक उघडं धरून उभा होता. पुढच्या दोघी वळून बघत होत्या. धाकटीला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, आणि तिने पुन्हा एकदा मनगट दाबलं. आई मान उंच करून एकेकाचे ओठ बघत होती. सगळे मिटलेले होते. कोणी काही म्हणत नव्हतं, आणि कोणी हलतही नव्हतं. आईला ते समजेना.

मग तिने पुढे पाहिलं. थोरल्याचा हात वर होता, आणि या वेळी त्याला तो ठाऊक होता. त्याने आईकडे सरळ तोंड केलं. मधल्या सगळ्या डोक्यांवरून, गिरणीतल्या बायका बोलत तसा, आवाज न काढता, एकेक शब्द ओठांवर स्पष्ट घडवत तो म्हणाला, "आई, म्हण ना. आम्ही थांबलोय."

धाकटीने मनगटावरची बोटं उचलली.

आईने श्वास घेतला आणि शेवटची ओळ म्हटली, एकटीने, तिच्या वेळेला. ती पुरी झाल्यावर थोरल्याने हात खाली आणला, आणि सगळे बसले.